जगाच्या शेवटाची सुरुवात

जगाचा शेवट कसा होणार आहे, हे आमच्या वरच्या काकांइतकं नीट अख्ख्या फरीदाबादेत कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवट त्यांना तोंडपाठ होता. अडत होतं ते सुरुवातीपाशी. त्यांच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मनासारखं जमत नव्हतं, आणि पहिलं जमल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम होता. त्यामुळं जग बिचारं कितीतरी वर्षं तसंच, धड जगत नाही नि धड मरत नाही अशा अवस्थेत, त्यांच्या टेबलावर पडून होतं.

काका केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात होते. सगळी हयात दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. मुलगी तिथंच वाढली, काकू तिथंच गेल्या. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं म्हणून इथं एका लहानशा इमारतीतला मधला मजला घेतला. आम्ही तळमजल्यावर भाड्यानं, काका आमच्या डोक्यावर, आणि काकांच्या डोक्यावर चौधरी कुटुंब. तिन्ही स्वयंपाकघरांच्या मागं एक शाफ्ट आहे, हवा खेळावी म्हणून सोडलेला. हवा काही त्यात खेळत नाही, आवाज मात्र खेळतात. वर कुणी कुकर लावला, कुणी कुणावर ओरडलं, कुणाला ठसका लागला, सगळं माझ्या ओट्यावर येऊन पडतं. दिवाळीनंतर तर त्यातून दुसरं काही येतच नाही, नुसते खोकले. मी खोकल्यावरून माणूस ओळखते. चौधरीजींचा खोकला थंडीतल्या स्कूटरसारखा, किका मारमारून सुरू होणारा. त्यांच्या सुनेचा उंदरासारखा, चोरून. आणि काकांचा खोकला सरकारी होता: आधी दोनदा हलकासा, मग जरा थांबून विचार केल्यासारखं, आणि मग शिक्का मारावा तसा एक दणदणीत. तो शिक्का पडला की मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवायची. आमच्या घरात गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही.

माझी शाळा आठवीत सुटली. आमचे हे फौजेत होते. पेन्शनवर आले आणि इथल्या एका कारखान्यात सिक्युरिटीचे सुपरवायझर लागले, म्हणून साताऱ्याकडची मी इथं येऊन पडले. मला मुळातच भीती फार. लिफ्टची वाटते, मेट्रोच्या सरकत्या जिन्याची वाटते, कुणी 'मॅडम' म्हणालं तर वाटते. मुलीच्या शाळेतून फोन आला तर वाटते आणि बरेच दिवस नाही आला तर जास्तच वाटते. आले तेव्हा हिंदी येत नव्हती. भाजीवाल्याच्या गाडीपुढं उभी राहून मी नुसतं बोट दाखवायची, आणि तो भेंडीच्या ऐवजी दुधी देईल तर दुधी घेऊन घरी यायची. दुधी आमच्या घरात कुणालाच आवडत नाही. एकदा काकांनी जिन्यातून ते पाहिलं. माझ्या हातात दुधी, डोळ्यांत पाणी. ते माझ्याबरोबर परत गाडीपर्यंत आले. मला वाटलं, आता हे माझ्या वतीनं भांडतील. पण ते माझ्या मागं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी नुसता उभा राहणार. बोलायचं तू." मी काय बोलले ते आता आठवत नाही, चुकीचंच बोलले असणार, कारण भाजीवाला खूप हसला. पण भेंडी मिळाली. पुढं मुलीच्या शाळेत, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडं काका माझ्या मागं असेच उभे राहिले, हात मागं बांधून, एक शब्द न बोलता. परक्या गावात पाठीशी कुणी असणं म्हणजे काय, हे मला त्या बांधलेल्या हातांनी शिकवलं. त्यांचा दोन वेळचा डबा मी करायची ती उपकार फेडायला नव्हे. ते फिटणारे नव्हतेच. पण निदान माणूस जेवलंय एवढं तरी मला कळायचं.

त्या डब्याबरोबर कादंबरी आमच्या घरात आली. काका डबा घ्यायला खाली येताना फाइल घेऊन यायचे. खरीखुरी सरकारी फाइल, पुठ्ठ्याची, कोपऱ्यात भोक पाडून नाडीनं बांधलेली. हयातभर त्यांनी मसुदे केले होते. मसुदा करायचा, वर पाठवायचा, वरून शेरा येईल तसा दुरुस्त करायचा, परत वर पाठवायचा. मंजुरी आल्याशिवाय पुढं सरकायचं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी होती. आता कादंबरी लिहायला घेतली, तर वर कुणी उरलंच नव्हतं. ही अडचण त्यांनी फार सोप्या रीतीनं सोडवली. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढं हिरव्या शाईचं पेन ठेवलं.

"हिरव्या शाईत मोठे साहेब लिहितात," ते म्हणाले. "मला ती शाई वापरायची पाळी आली नाही. आजपासून तू वरची. मी वाचून दाखवणार, तू समासात शेरा लिहायचा, खाली सही."

"काका, मी आठवी!"

"तुझ्या शिक्षणाशी मला कर्तव्य नाही, तुझ्या भित्रेपणाशी आहे. अख्ख्या दिल्ली-एनसीआरमध्ये तुझ्याइतकी घाबरट बाई मिळणार नाही मला. ही भीतीची कादंबरी आहे. तू घाबरलीस की प्रकरण मंजूर."

अशा रीतीनं काकांची फाइल वर जायची, म्हणजे जिना उतरून खाली माझ्याकडं यायची.

कादंबरी कशाची ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. पुढं येणाऱ्या वाईट काळाची गोष्ट. त्याला डिस्टोपिया म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे कलियुग. तर काका म्हणाले, "कलियुगात शेवटी कुणीतरी येतो घोड्यावर बसून सोडवायला. ह्यात कुणी येत नाही." आणि एवढ्या समाधानानं हसले की मला वाटलं, लाडू वाटतील. त्यांच्या मते असल्या कादंबरीचं सगळं बळ पहिल्या प्रकरणात असतं. पहिल्या पानावर वाचकाच्या पायाखालची सतरंजी ओढायची, आणि ओढताना हात दिसू द्यायचा नाही. बोलायला सोपं. पण काकांच्या हाताला मसुद्यांची सवय. पहिल्या मसुद्याची पहिली ओळ मला अजून पाठ आहे: 'सदर शहरातील सूर्यप्रकाशाचा पुरवठा गेले काही महिने अनियमित असल्याचे निदर्शनास आले असून, नागरिकांनी सहकार्य करावे.' मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.

"घाबरायचं सोडून हसतेस?"

"काका, हे वीजमंडळाची नोटीस असल्यासारखं वाटतंय."

त्यांनी नाडी बांधली, डबा उचलला आणि वर गेले. थोड्या वेळानं शाफ्टमधून कागद फाडल्याचा आवाज आला.

त्यानंतरच्या मसुद्यात भाषा सुधारली. 'त्या दिवशी सूर्य उगवलाच नाही', अशी सुरुवात होती. वाचताना काकांचा आवाजही बदलला. पण झालं काय, की त्याच आठवड्यात आमच्याकडं सूर्य उगवला नाही. सकाळी उठून पाहिलं तर खिडकीबाहेर नुसता मळकट पांढरा धूर, समोरची इमारत नाही, झाड नाही, काही नाही. दूधवाला मात्र आला. पेपर आला. चौधरीजी मफलर गुंडाळून फिरायला गेले आणि फिरून आले. माझ्या मुलीनं, सईनं, दारातून डोकावून विचारलं, "आई, आज फिरसे धूप नाही क्या?" आणि उत्तराची वाट न बघता दात घासायला गेली. मी बराच वेळ विचार केला आणि समासात हिरव्या शाईत लिहिलं: 'हे होतंच की.'

ह्या तीन शब्दांनी काकांचा जीव घेतला म्हणायला हरकत नाही. त्यांनी लिहिलं, मुलांना घराबाहेर पडायला बंदी झाली. दुपारी शाळेचा मेसेज आला की हवा वाईट आहे, उद्यापासून मुलं घरीच, आणि सई पलंगावर उड्या मारून नाचली. हे होतंच की. त्यांनी लिहिलं, माणसं तोंड झाकून फिरू लागली आणि एकमेकांचे चेहरे विसरली. मी म्हटलं, काका, तुमच्या पाठीमागं दोरीवर मास्कच वाळत घातलेत. हे होतंच की. आमचे हे ड्युटीवरून आले की बूट काढता काढता विचारायचे, "काय, वरची आघाडी कुठवर आली?" आणि सई म्हणायची, "बाबा, आजोबांनी आज परत दुनिया खतम केली, पण आई पास करत नाही." मला फार वाईट वाटायचं. पण खोटं कसं लिहू? खरंच भीती वाटायची नाही. जिची सरकत्या जिन्यापुढं पाचावर धारण बसते, ती बाई जगबुडीची वर्णनं मटार सोलत ऐकायची. काका म्हणायचे, "दोष तुझा नाही. मी जे भविष्य म्हणून लिहितो ते ह्या गावात आधीच येऊन राहिलेलं असतं. मी लिहायला बसतो आणि हे माझ्या पुढं पळतं."

अनुभव घेतल्याशिवाय लिहू नये असंही त्यांचं मत होतं. त्या मतापायी एकदा इमारतीवर वेळ आली. प्रकरणात पाण्याचा दुष्काळ आणायचा होता, आणि पाण्याविना तडफडणारी माणसं कशी दिसतात हे त्यांना बघायचं होतं. म्हणून एका सकाळी त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा मुख्य नळ कुणाला न सांगता बंद केला आणि जिन्यात खुर्ची टाकून बसले, लोकांचे चेहरे टिपायला. थोड्या वेळानं चौधरीकाकू रिकामी बादली घेऊन बाहेर आल्या. "अंकल जी, पानी गया क्या?" काका उत्सुकतेनं पुढं झुकले. "हाँ, गया! अब क्या होगा?" त्या म्हणाल्या, "होना क्या है, टैंकर मँगा लेंगे," आणि आत जाऊन सुनेला म्हणाल्या की आज धुणं नको. मी घरात भरून ठेवलेल्या पिंपातलं पाणी काढलं. आमच्या ह्यांनी ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि ड्युटीवर गेले. कुणी ओरडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत, पाणी का गेलं म्हणून कुणी गच्चीवर जाऊनसुद्धा पाहिलं नाही. दुपारी काकांनी स्वतःच जाऊन नळ उघडला. माझ्या दारात आले तेव्हा चेहरा एवढासा झाला होता.

"अगं, कुणी चिडलंच नाही."

"चिडून पाणी येतं का काका?"

"तेच तर," ते म्हणाले. "तेच तर. पण हे मी लिहिलं तर कोण घाबरणार?"

आणि चौधरींच्या यंत्राची गोष्ट तर मी कधी विसरणार नाही. काकांनी मोठ्या कष्टानं एक मसुदा तयार केला होता. त्यात श्रीमंत लोक डबीतली हवा विकत घेतात आणि त्या डबीची पूजा करतात. हे कुठंच होत नसणार, याची त्यांना खात्री होती, मलाही होती. फाइल उघडतोय तोच वरून हाक आली. चौधरींकडं हवा शुद्ध करायचं यंत्र आलं होतं, सगळ्यांना बोलावणं होतं. आम्ही गेलो. दिवाणखान्यात मधोमध पाट, पाटावर लाल कापड, त्यावर ते पांढरं यंत्र. चौधरीकाकूंनी त्याच्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, दांडीला लाल दोरा बांधला, उदबत्ती लावली. उदबत्तीचा धूर आत गेला तसं यंत्र भडकलं, तांबडा दिवा लागला आणि ते घरघरायला लागलं. "देखो, काम कर रहा है!" म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बुंदीचे लाडू फिरले. काका हातात लाडू धरून भिंतीला टेकून उभे होते. जिना उतरताना मला म्हणाले, "उदबत्ती मला सुचली नव्हती."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण दर हिवाळ्याला काकांच्या खोकल्यातला शिक्का जरा जास्त ओला पडत होता. त्यांची मुलगी पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. ती रोज फोन करायची. "बाबा, प्लीज, इकडं या. इथं बसून लिहा ना ते चॅप्टर. लॅपटॉप देते, बाल्कनी आहे, झाडं आहेत." काका म्हणायचे, "बाल्कनीत बसून जगाचा नाश लिहू? लोक काय म्हणतील! पहिलं प्रकरण मंजूर झालं की त्या दिवशी निघतो. शब्द देतो." शब्द दिला की काका मोडत नसत, हे तिला माहीत होतं. म्हणून ती मग मला फोन करायची. "मंगलताई, तुम्ही एकदा हो म्हणून टाका हो. कसंही असू दे. त्यांच्या फुप्फुसांचं काय होतंय ते बघताय ना तुम्ही?"

बघत होते. ऐकत तर रोज होते. एकदा धीर करून मी खोटं बोललेही. काकांनी मसुदा वाचला आणि मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "अगंबाई, काका, भीती वाटली हो." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठल्या ओळीला?" माझे कान तापले. मी म्हटलं, "सगळ्याच." काकांनी फाइल मिटली. "हयातभर साहेबांचे चेहरे वाचलेत मी. न वाचता सही करणारा साहेब मला लांबून कळतो." मग उठता उठता हळूच म्हणाले, "पोरीचा फोन आला होता वाटतं."

खरं सांगायचं तर माझंही मन सरळ नव्हतं. काका पुण्याला गेले तर ते जगतील, हे मला कळत होतं. आणि काका गेले तर इमारतीत माझ्याशी मराठीत बोलणारं मोठं माणूस म्हणजे आमचे हे, आणि ते निम्मा वेळ ड्युटीवर नि निम्मा वेळ झोपेत. हेही कळत होतं. दर वेळी 'हे होतंच की' लिहिताना खरं तेच लिहायची मी. पण लिहून झाल्यावर मनात कुठंतरी हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याची मला लाज वाटायची, आणि त्या लाजेचीही पुन्हा भीती.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी शाफ्टमधून वेगळाच आवाज आला. खोकला नव्हे, खोकला यायलाही श्वास पुरत नव्हता तसा. मी वर धावले. आमचे हे नेमके घरी होते. आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं एका लांबट खोलीत बाकांवर ओळीनं माणसं बसलेली, लहान-थोर, सगळ्यांच्या तोंडावर वाफेचे मास्क. काकांनाही तसंच बसवलं. आता मी त्यांच्या मागं उभी होते, हात बांधून. थोड्या वेळानं डॉक्टर आले, तरुण होते, थकलेले. "अंकल, पहाड़ पे चले जाओ, समंदर के पास चले जाओ, कहीं भी चले जाओ. बस यहाँ मत रहो. अगली सर्दी का मैं कुछ नहीं कह सकता." काकांनी मास्क जरासा बाजूला केला आणि विचारलं, "डॉक्टर साहब, ये आख़िरी वाक्य मैं ले सकता हूँ?"

डॉक्टरांना काही समजलं नाही. मला समजलं आणि हसूही आलं नाही.

संध्याकाळी घरी सोडलं. नंतरचे काही दिवस काका खाली उतरले नाहीत. डबा मीच वर न्यायची. टेबलाशी बसलेले असायचे, लिहीत नसायचे, मान वाकडी करून काहीतरी ऐकत असायचे. मग एका दुपारी त्यांनी फाइल माझ्याकडं सरकवली. वाचायला श्वास पुरत नव्हता, म्हणून म्हणाले, "तूच वाच. मोठ्यानं." मी अडखळत वाचते, एकेका शब्दावर बोट ठेवून. पहिली ओळ वाचली.

'त्या सकाळी इमारतीत कुणीही खोकलं नाही.'

माझं बोट तिथंच थांबलं. पुढं वाचलं. सूर्य नाही उगवला असं कुठं नव्हतं, उलट ऊन होतं, स्वच्छ. एक म्हातारा अंथरुणात जागा आहे आणि रोजच्या खोकल्यांची वाट बघतोय. वरच्या मजल्यावरची स्कूटर सुरू होत नाही. उंदीर खुडबुडत नाही. त्याला आधी वाटतं, बरं झालं, हवा सुधारली. मग तो उठून बसतो. खालच्या मजल्यावर एक बाई आहे, ती त्याच्या खोकल्यावर चहाचं पातेलं ठेवते, हे त्याला कितीतरी वर्षं ठाऊक आहे. कधी कधी खोकला नसतानाही तो तेवढ्यासाठी खोकतो. तर तो खोकून पाहतो. आधी दोनदा हलकं, मग थांबून एकदा जोरात. आणि खालून पातेल्याचा आवाज येण्याची वाट बघत बसून राहतो. तिथं प्रकरण संपत होतं.

मी कागद खाली ठेवले. काका माझ्या चेहऱ्याकडं बघत होते, हयातभर साहेबांकडं पाहिलं तसं. त्या एका क्षणी माझ्या हातात सगळं होतं. नुसतं 'हे होतंच की' लिहिलं असतं तर फाइल बांधून ते परत टेबलाशी बसले असते, आणि पुढच्या हिवाळ्यातही माझ्या डोक्यावर असते. किंवा नसते.

"कुठल्या ओळीला?" त्यांनी विचारलं.

"पातेल्याच्या," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. हिरव्या पेनानं समासात लिहिलं: 'पाहिले. भीती वाटली.' आणि खाली माझी शाळकरी सही.

काका खूश झाले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर बोटांनी ताल धरला, मला साखर खायला दिली, आमच्या ह्यांना ऐकू जावं म्हणून शाफ्टमध्ये तोंड घालून ओरडले, "हवालदारसाहेब, मंजूर!" त्या ओरडण्यानं दम लागला, आणि दम लागून खुर्चीत बसल्यावर त्यांना आपला शब्द आठवला. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरताना मी पाहिला.

"तसे अजून दोन-तीन स्वल्पविराम बघायला हवेत," ते म्हणाले.

"मंजूर झालंय, काका."

"चौधरींचा खोकला जरा लांबलाय. आणि सुनेला विचारलं पाहिजे, उंदीर म्हटलेलं चालेल का..."

"काका. वरून सही झाली."

मंजूर फाइल परत उघडायची नाही, हाही त्यांचाच नियम. त्यांनी फाइलची नाडी बांधली. मग म्हणाले, "मोठी कडक साहेब निघालीस."

काकांची मुलगी आठवड्याच्या आत न्यायला आली. सामान असं फारसं नव्हतंच. फाइल काकांनी बॅगेत न ठेवता छातीशी धरली होती. चौधरीकाकूंनी वाटेत खायला मठऱ्या दिल्या आणि "अंकल जी, गर्मियों में आना," म्हणाल्या. मुलगी माझे हात हातात घेऊन "थँक यू ताई, खरंच," असं म्हणत राहिली आणि मी मान हलवत राहिले. टॅक्सीत बसण्याआधी काका माझ्यापाशी आले. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "भाजीवाल्याशी नीट बोल. तो अजून तुला जुनी कोथिंबीर देतो." आणि हिरवं पेन माझ्या हातात ठेवलं. टॅक्सी धुरात थोडी पुढं गेली आणि लगेच दिसेनाशी झाली. आमच्या गल्लीत त्या दिवसांत कुणालाही दिसेनासं व्हायला फार लांब जावं लागत नव्हतं.

ती रात्र सरली. सकाळी मी सवयीनं उठले, ओट्यापाशी आले, पातेल्यात पाणी घेतलं आणि थांबले. कशासाठी थांबले ते आधी लक्षातच आलं नाही. थंडी होती. खिडकीबाहेर पांढरं होतं. चौधरींकडं लग्न होतं कुठंतरी, ते सगळे आदल्या दिवशी दुपारीच गावी गेले होते. शाफ्टमधून काही येत नव्हतं. एवढी वर्षं मी ह्या घरात राहिले, पण त्या शाफ्टला कधी गप्प ऐकलं नव्हतं. पातेलं हातात धरून मी तशीच उभी राहिले, आणि सांगते, तेवढी भीती मला कुठल्याही सरकत्या जिन्यावर वाटलेली नाही.

तेवढ्यात फोनवर मेसेज वाजला. काकांच्या मुलीचा होता. 'मंगलताई, गुड न्यूज! बाबा आज सकाळी एकदाही खोकले नाहीत.'

मी तो उभ्या उभ्याच वाचला. परत एकदा बोट ठेवून वाचला. देवापुढं साखर ठेवली. बरं झालं म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, आणि ते खरंच मनापासून होतं. मग ओट्याशी परत आले, वर पाहिलं, आणि पातेलं गॅसवर ठेवलं. ठेवलं म्हणजे जरा आपटूनच ठेवलं, वरपर्यंत ऐकू जाईल असं.